सर्व्हे नंबरमागचा माणूस

महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घराण्यांचा सलग लेखी इतिहास एका फसलेल्या मोजणीपासून सुरू होतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि देशावरचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. त्यानंतर दहा वर्षांच्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या असिस्टंट कलेक्टरने पुणे जिल्ह्यात जमीनमोजणीला हात घातला. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करून शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यातले ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो चोख होता. पण प्रत ठरवणाऱ्या कारकुनांनी हात ओले करून घेतले, उत्पन्नाचे आकडे मनाजोगे फुगले, आणि त्यातच धान्याचे भाव पडले. सारा भरवेना तेव्हा कुळांनी औते सोडली. इंदापूर तालुक्यात शेतेच्या शेते पडीक पडली आणि माणसे शेजारच्या मुलखात निघून गेली.

खापरपणजोबाचा शोध घेणाऱ्याने हा प्रसंग आधी ध्यानात घ्यावा. गावातल्या साध्या माणसाचे नाव सरकारने कौतुकाने कधी लिहिले नाही. सारा बुडाला, दंगा झाला, साथ आली, मजूर कमी पडले, की एक नवी वही उघडली गेली. आपला पूर्वज त्या वहीत सापडतो तो सरकारची कसली तरी नड भागवताना. कुठली नड कधी पडली हे कळले तर कुठला कागद कुठे पाहायचा हेही कळते. एरवी रेकॉर्ड रूममध्ये धुळीखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

प्रिंगलच्या आधी कागद नव्हते असे नाही. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे. कोणाकडे किती जमीन, कोणी किती सारा दिला, कोणाची बाकी राहिली, हे तो मोडीत लिहून ठेवी. गावात मिरासदार आणि उपरी असे दोन थर होते. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा. उपरी बाहेरून येऊन कसणारा, आज इथे तर उद्या तिथे. शिवाराचे तुकडे थळांत वाटलेले असत आणि थळाला मूळच्या घराण्याचे नाव असे. घराणे बुडाले तरी नाव राही आणि जमीन ‘गतकुळ’ म्हणून लिहिली जाई. टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या आसपास पुण्याजवळच्या लोणी गावाची बारकाईने पाहणी केली. त्याच्या अहवालात ही थळे आणि त्यांची घराणी जागोजाग भेटतात. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावावर, म्हणजे लोणीकंदवर, सव्वाशे वर्षांनंतरचा अभ्यास केला. एका साध्या खेड्याची अशी दोन टोके हाती लागावीत, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आले.

पेशवे काळातला सामान्य माणूस कागदावर ठळक उमटतो तो भांडणात. पाटीलकीवरून भावाभावांत तंटा लागला की गोतसभा बसे, महजर लिहिला जाई आणि त्याखाली साऱ्या गावाच्या साक्षी पडत. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करत. वादी-प्रतिवादी आपला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याला लेक किती, कोण लढाईत पडला, कोणाचा निर्वंश झाला, हे सगळे त्यात येई. हे घराण्याने स्वतः सांगितलेले असते, म्हणून त्यात फुगवटा असतो; तरी चार-पाच पिढ्यांची नावे एका कागदावर मिळण्याची दुसरी जागा नाही. असे कागद आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, आपण ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथे आहेत. रुमालांची संख्या ३५,००० च्या घरात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत त्यातून निवडून ४५ खंड छापले; पण त्यांची नजर राजकारणावर होती. कुणब्याचा करीना अजून रुमालातच आहे. ज्याच्या घरात वतनाचा तंटा झाला त्याची वंशावळ उरली. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घरांची बहुधा गेली.

१८३५ मध्ये सरकारने प्रिंगलची मोजणी मोडीत काढली आणि इंदापूरला नव्याने सुरुवात केली. मुलकी खात्यातला गोल्डस्मिड आणि इंजिनिअर पलटणीतले लेफ्टनंट विंगेट व नॅश हे तिघे या कामावर होते. पिकाचा हिशेब करत बसायचा नाही, जमीनच तपासायची, असे त्यांनी ठरवले. ३३ फुटांची साखळी घेऊन शेते मोजली. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आपले आजचे माप हेच. खड्डे खणून मातीची खोली आणि पोत पाहिला, चुनखड, वाळू, उतार असे दोष टिपले आणि जमिनीच्या सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती पाडल्या. प्रत्येक शेताला नंबर दिला, बांधावर दगड रोवले आणि ठरलेला सारा तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली आणि पुढच्या काळात ती इलाखाभर फिरली.

शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने या योजनेतली खरी मेख मात्र नंबरात नाही, खात्यात आहे. सरकारला साऱ्यासाठी एका नंबरामागे एक जबाबदार माणूस हवा होता, म्हणून खातेदार म्हणून एकच नाव चढले, बहुधा थोरल्या भावाचे. धाकटे दोघे त्याच शेतात राबत होते, निम्मे-पाव खात होते. कागदावर ते नाहीत. ‘आमचे नाव १८४० च्या कागदात नाही, म्हणजे आम्ही नंतर आलो’ असा निष्कर्ष लोक काढतात, तो पुष्कळदा चुकीचा असतो. पोटहिस्से वेगळे मोजून लिहिण्याची रीत बरीच उशिरा आली.

दुसरी गोष्ट नावांची. या काळच्या कागदांत आडनाव क्वचितच असते. ‘राणू बिन संतू’ असे लिहिलेले असते, म्हणजे संतूचा मुलगा राणू. खानदेश, वऱ्हाड, मराठवाड्याकडे ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ येते. बाईचे नाव आलेच तर ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ लावून नवऱ्याच्या नावाला बांधलेले. एका ओळीत दोन पिढ्या मिळतात खऱ्या, पण आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवतात. तीस वर्षांनी सारा बदलताना त्याच नंबरापुढे ‘संतू बिन राणू’ दिसते आणि वाचणारा चक्रावतो. हा संतू पहिल्या संतूचा नातू. तीस वर्षांची फेरपाहणी साधारण एका पिढीच्या अंतराने येत असल्यामुळे हे नाव बदलत गेलेले नीट दिसते. फक्त नंबर धरून ठेवायचा, नावाच्या मागे धावायचे नाही.

तीस वर्षांची मुदत इंदापुरात १८६७ च्या सुमारास संपली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद पडला, इकडचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. त्याच तेजीच्या आकड्यांवर नवा सारा बेतला गेला आणि तो जबर वाढला. युद्ध संपून भाव कोसळले तरी सारा तसाच राहिला. सावकाराने पाठ फिरवली आणि जुन्या कर्जरोख्यांवर दिवाणी कोर्टातून हुकूमनामे आणायला सुरुवात केली. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तिथून पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला.

या दंग्यात लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते कागद. सावकाराने रोखे बाहेर काढून दिले की जमाव ते जाळून निघून जाई. अडून बसला तर घर पेटे. ज्यांचा शोध आपण आज घेतो त्या पूर्वजांनी आपल्या नावाचे कागद आपल्या हाताने जाळले, आणि ते जाळण्याचे कारण पुरेसे होते. निरक्षर कुणब्याच्या निशाणीखाली सावकार काय लिहितो हे त्याला कधी कळलेच नव्हते.

सरकारने चौकशी कमिशन नेमले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला गेला पाहिजे, अशी सक्ती त्यात होती. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी मुळात हा कायदा होता. दस्त म्हटला की देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव, गहाण पडलेल्या जमिनीचा नंबर, चतुःसीमा आणि साक्षीदार आलेच. चतुःसीमा तर वंशावळ काढणाऱ्याला सोन्यासारखी: पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणाचे, हे वाचताना शेजारचा बांधवाला बहुधा भाऊबंदच निघतो. कागद जाळणाऱ्यांच्या पदरात शेवटी आणखी कागद पडले.

जमिनीपाठोपाठ जन्ममृत्यू आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटकी आणि देवीच्या साथींनी सरकार धास्तावले. कुठे किती मेले हे कळल्याखेरीज बंदोबस्त करता येईना आणि देवी काढायच्या तर कुठे किती मुले जन्मली तेही कळायला हवे. काम गावकामगारांवर पडले. हीच वही आज गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणून ओळखली जाते. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असल्यास कारण, इतके त्यात सापडते. नोंद बारशाच्या आधीच होई, म्हणून मुलाचे नाव कित्येकदा नसतेच. वयही अंदाजाचे. पण सालाबद्दल ही वही खोटे बोलत नाही. १८९६ नंतरच्या वह्यांत प्लेगची गाठ दिसू लागते. १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटापासून मानमोडीच्या तापाच्या ओळीमागून ओळी लागतात, कित्येक ठिकाणी एका घरातल्या तीन-चार. आजोबांच्या आईचे नाव घरात कोणालाच का आठवत नाही याचे उत्तर अनेक कुटुंबांना त्या पानांवर मिळेल.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर याच जातीचे, फक्त त्याच्या जन्मतारखेवर विसंबू नये. शाळा जूनमध्ये भरे आणि मास्तर पोराची उंची पाहून १ जून ठोकून देत. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी यावा, ही महाराष्ट्राची खासियत. १८७२ पासूनच्या खानेसुमारीत मात्र शोधायला जाऊ नये. तिचे तक्ते छापले गेले; माणसामाणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या उरलेल्या नाहीत.

इथवरची गोष्ट जमीनवाल्यांची झाली. जमीन नसलेल्याचे काय? त्याचे नाव जमाबंदीत येण्याचे कारणच नव्हते. महार, रामोशी अशा वतनदारांचा माग १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्याखालच्या नोंदींत लागतो, कारण चाकरीची पाळी कोणाची आणि वारस कोण हे सरकारला लिहून ठेवावे लागे. ही वतने म्हणजे मूठभर जमिनीच्या बदल्यात अष्टौप्रहर राबणूक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. जे ओझे होते त्याच्याच वहीत वंश उरला.

भटक्यांची गत याहून वाईट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात तो जोरात मारला गेला. हजेरी, बोटांचे ठसे, परगावी जायचे तर परवाना. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माणसे कुटुंबकबिल्यासह ठेवली गेली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ज्यांना गाव नाही, शेत नाही, त्यांच्या आजोबांचे नाव पोलिसांच्या रजिस्टरात मिळते, आणि ते पाहायला जाण्याची त्यांच्या नातवंडांना इच्छा होत नसेल तर त्यांना दोष कोण देईल?

सगळ्यांत बारकाईने लिहिला गेला तो मात्र देश सोडून गेलेला माणूस. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना गुलामगिरी बंद झाल्यावर मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले, आणि पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, विशेषतः रत्नागिरीकडचे. बंदरावर उतरताच प्रत्येकाला नंबर मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरचे व्रण, जहाज, कोणत्या मळ्यावर धाडले, सगळे रजिस्टरात. १८६० च्या दशकापासून फोटोही. मजूर पळाला तर ओळखता यावा, हा त्यामागचा उद्देश. गावचे नाव परक्या कारकुनाच्या कानावर जसे पडले तसे उतरले आहे, म्हणून आज ते नकाशावर बसवताना घाम निघतो. ही कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत, आणि ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. कोकणातल्या एखाद्या घरातली बहीण मॉरिशसला गेली आणि भाऊ मागे राहिला, असे समजा. बहिणीची उंची, कपाळावरचा व्रण आणि कदाचित चेहराही उपलब्ध आहे. भावाचे केवळ नाव, तेही जमीन असली तर.

पुन्हा देशावर येऊ. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर जमिनी सावकारांकडे जातात म्हणून सरकारने १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती केली आणि हस्तांतरावर बंधने आणणारी नवी शर्त घातली. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या वेळी कायदेमंडळातून सभात्याग केला. पण शर्त राबवायची तर जमिनीवर खरा हक्क कोणाकोणाचा हे ठाऊक हवे. त्यातून १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आला, आणि १९१३ मध्ये तीच तरतूद मूळ जमीन महसूल कायद्यात घातली गेली. गाव नमुना ७ आणि १२ जोडून झालेला सातबारा ही त्याची संतती. खातेदाराच्या पाठीमागे ऐंशी वर्षे लपलेले धाकटे भाऊ, गहाण घेणारे, वाटेकरी आता एकेक करून पुढे आले.

माझे मत विचाराल तर वंशाचा शोध घेणाऱ्यासाठी सातबारापेक्षा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, दसपट मोलाचा. सातबारा आज काय आहे ते सांगतो. ते तसे का झाले हे फेरफारात लिहिलेले असते. अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, धाकटा अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई. या एका नोंदीत मृत्यूची तारीख, भावंडांचा क्रम आणि आईचे नाव मिळते. ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचेच नाव आहे, बाकीचे हिस्सेदार मागे आहेत, हे ओळखावे. विधवेचे नाव इथेच पहिल्यांदा स्वतंत्र ओळीत येते, तेही पोरे लहान असली तर. मुलगे मोठे असले तर तिला कागदावर येण्याची गरज कोणालाच वाटलेली नसते. लेकींची नावे पुढे इतर हक्कांच्या रकान्यात यायला लागली आणि तिथून ती हक्कसोडीच्या दस्तात गेली.

स्वातंत्र्यानंतर दोन कायद्यांनी या वह्यांची पुन्हा उलथापालथ केली. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याचे नाव लिहिणे भाग पडले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कुळ हेच जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले. कलम ३२ ग च्या चौकशीत कुळांनी दिलेले जबाब वाचावेत, कारण जमीन किती पिढ्या कसतो हे त्यांना सांगावे लागले. अर्थात ही तारीख येण्याआधीच कित्येक जमीनमालकांनी कुळांची नावे कागदावरून घालवली होती. कागदावर नाव नसणे म्हणजे माणूस शेतात नव्हता असे नव्हे. दुसरा कायदा १९४७ चा, तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा. त्यामुळे अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सव्वाशे वर्षे जो धागा होता तोच इथे तुटतो. एकत्रीकरणाच्या योजनेतला जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मिळवला तरच तो पुन्हा जोडता येतो. ज्या इंदापुरात विंगेटने पहिले दगड रोवले, तिथली बरीच शेते तर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर येते. त्या गावांच्या लोकांसाठी भूसंपादनाचा निवाडा हाच शेवटचा कागद, आणि त्यात मोबदल्याच्या निमित्ताने हिस्सेदारांची नावे मिळतात.

हे सगळे एरवी हौशी लोकांपुरते राहिले असते. २०२३ मध्ये ते राज्याच्या राजकारणाच्या मधोमध आले. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी इथल्या मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणानंतर सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकाळातल्या कागदांत कुणबी नोंदी कुठे आहेत ते पाहून दाखले देण्याची रीत ठरवणे, हे तिचे काम. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथले नमुने निराळे, लिपी मोडी आणि उर्दू. कोतवाल बुके, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची रजिस्टरे, जेलची कागदपत्रे असे सगळे उपसले गेले. पहिल्या फेरीत मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्या. पुढे काम राज्यभर वाढवले तेव्हा नोंदींचा आकडा ५० लाखांपलीकडे गेला. दाखल्याचा वाद ज्याच्या त्याच्या जागी. पण इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून लाखो घरांनी पहिल्यांदाच पणजोबाचे नाव विचारले, आणि मोडी वाचणाऱ्याची किंमत गावाला कळली. साथीचा अंदाज घ्यायला कोतवालाने लिहिलेली जात दीडशे वर्षांनी आरक्षणाचा पुरावा ठरावी, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. तसेच त्या काळी ‘कुणबी’ हा शब्द कारकुनाने कोणत्या गावात जात म्हणून आणि कोणत्या गावात धंदा म्हणून लिहिला, हे एका ओळीवरून ठरवता येत नाही. शेजारच्या ओळीही वाचाव्या लागतात.

ज्यांना आपल्या घराचा असा माग काढायचा आहे त्यांनी कचेरीत पूर्वजाचे नाव घेऊन जाऊ नये, जमिनीचा नंबर घेऊन जावे. आजच्या सातबाऱ्यावरून गट, गटावरून जुना सर्व्हे नंबर, आणि मग त्या नंबरावरचे फेरफार एकेक करून मागे. तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार आणि कोतवाल बुके, भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, आकारबंद आणि शेतवार पत्रक मिळतील. स्कॅन झालेला काही भाग घरबसल्याही दिसतो. मोडी येत नसेल तर शिकून घ्या. अक्षरे महिन्याभरात लागतात, शिकस्ता वळण वाचायला मात्र सराव हवा. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या आणि सांगली-कोल्हापूरकडच्या, वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वह्या सरकारी नाहीत, पण जिथे सरकारी कागद थांबतो तिथे त्या कामाला येतात.

आणि एक काम कचेरी उघडण्याची वाट न पाहता करता येईल. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी बसा. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव, प्रत्येकीचे माहेरचे गाव आणि माहेरचे आडनाव विचारून लिहून घ्या. पुरुषांची नावे साऱ्याच्या निमित्ताने का होईना, सरकारने लिहून ठेवली आहेत. बायकांची माहेरे कोणत्याही गाव नमुन्यात नाहीत.